स्वेटर आठवतोय? मग तेव्हा केस कसे होते तेही सांगा

गेल्या महिन्यात आईच्या कपाटातला फोटोंचा डबा उघडला. एकाही फोटोमागे साल लिहिलेलं नाही. तरी मला आणि बहिणीला बहुतेकांचं साल सांगता आलं, कारण आमच्या घरात दोन गोष्टी सारख्या बदलायच्या: आईच्या सुयांवरचं काम आणि आम्हा दोघींचे केस. करड्या पट्ट्यांचा मोरपंखी स्वेटर आणि वर बांधलेल्या दोन वेण्या, म्हणजे मी तिसरीत. जांभळा पोंचो आणि बॉयकट, म्हणजे उवांचं वर्ष. राणी रंगाचं बिनबाह्यांचं जॅकेट आणि डायना कट, म्हणजे नववी. तो कट मावशीने वर्तमानपत्रातला फोटो आरशाला चिकटवून घरीच कापला होता, त्यामुळे एक बाजू कानाखाली आणि दुसरी कानावर.

एका फोटोचं कोडं मात्र सुटत नाही. आई गॅलरीत खुर्चीवर बसलीय, हातात सुया, मांडीवर अर्धामुर्धा करडा स्वेटर, आणि केस मानेपर्यंत कापलेले. आमची आई! तिची वेणी आम्हाला कळायला लागल्यापासून शेवटपर्यंत कमरेखाली होती. विचारायला ती आता नाही. बाबांना आठवत नाही, किंवा सांगायचं नाही.

म्हणून तुम्हा सगळ्यांना आमंत्रण. विणणाऱ्यांनी लिहा, ज्यांच्यासाठी कुणी विणलं त्यांनी लिहा. फसलेलं आधी लिहा. अट एकच: वीण सांगितलीत तर टाके मोजून सांगा, ‘अंदाजाने घ्या’ नको. अशाच एका अंदाजापायी भाच्यासाठी केलेलं टोपडं शेवटी देवापुढच्या नारळावर बसलं.

डोंबिवलीहून

तुमच्या नारळाला नमस्कार. माझं सगळं विणकाम लोकलमध्ये. तिथे दोन सुया चालत नाहीत, कोपर शेजारणीच्या बरगडीत जातं, म्हणून क्रोशा. घाटकोपरपर्यंत उभी असले की नुसत्या साखळ्या, बसायला मिळालं की खांब (म्हणजे क्रोशाचे उंच टाके). आमच्या डब्यात कुणी मटार सोलतं, कुणी पोथी वाचतं, मी रुमाल विणते. कुणालाच काही वाटत नाही.

केस तेव्हा भरपूर होते आणि क्लचर दर आठवड्याला तुटायचा. मग गाडीतून उतरताना अंबाडा घालून त्यात क्रोशाची सुई खोचायची सवय लागली. एकदा जेवणाच्या सुट्टीत सुई सापडेना. पर्स उलटी केली, ड्रॉवर उपसले, शिपाईदादांनी खुर्च्या उचलून पाहिल्या. तेवढ्यात साहेब आले आणि म्हणाले, ‘मॅडम, तुमच्या डोक्यात काय आहे?’ मी चांगलीच तापले. मग हात मागे गेला.

२०१६ साली ३१ जानेवारीला चेन्नईत जगातलं सगळ्यात मोठं क्रोशाचं ब्लँकेट जोडलं गेलं, ११,१४८.५ चौरस मीटरचं. देशभरातून बायकांनी चौकोन विणून पाठवले होते. त्यात माझेही दोन आहेत. एक पिवळा. दुसऱ्याचा एक कोपरा कल्याण लोकलच्या दारात अडकून काळा झाला होता, तो धुऊन पाठवला. गिनीज बुकात आमचाही एक डाग आहे म्हणायचा.

आता केस बारीक कापलेत. सुई ठेवायला जागाच राहिली नाही. कानावर ठेवते, पडते.

कोल्हापूरहून

मी विणत नाही, बायको विणते. लोकरीची लडी दोन्ही हातांत ताणून धरायची आणि ती गुंडा करेल तशी मनगटं डावी-उजवीकडे हलवायची, एवढंच माझं काम. तेहतीस वर्षं करतोय. नाक खाजलं तरी हात सोडायचा नाही. सुरुवात केली तेव्हा माझ्या डोक्यावर केस होते. विषयाला धरून एवढंच.

नाशिकहून

मी रसायनशास्त्र शिकवायचे, आता निवृत्त. तेव्हा थोडी शिकवणी सोसा.

मेंढीची लोकर आणि आपले केस एकाच प्रथिनाचे, केराटिनचे. म्हणून मी मुलींना सांगायचे की लोकरीचं काय होतं ते बघा, तुमच्या केसांचं तेच होणार. स्वेटर उसवला की निघणारी लोकर कशी बारीक नागमोडी असते? न्हाऊन ओल्या केसांची वेणी घालून झोपलं की सकाळी केसांना लाटा येतात, तसंच आहे ते. केस ओले असताना आतले काही नाजूक बंध सुटतात आणि वाळताना ज्या आकारात असतील त्याच आकारात पुन्हा जुळतात. पुन्हा भिजले की लाटा गेल्या. पार्लरमधलं पर्मिंग वेगळं. तिथे औषधाने गंधकाचे पक्के बंध तोडून नव्याने जोडतात, म्हणून ते महिनोन्‌महिने टिकतं आणि केस रागावतात.

तर उसवलेली लोकर तशीच विणायला घेऊ नका, टाके वेडेवाकडे येतात. खुर्चीच्या पाठीला गुंडाळून लडी करा, चार ठिकाणी सैल गाठी मारा (घट्ट नको, तिथे पाणी पोचत नाही), कोमट पाण्यात थेंबभर शाम्पू घालून अर्धा तास बुडवा आणि सावलीत टांगा. खाली हलकंसं वजन, मी सांडशी अडकवते. हे खऱ्या लोकरीचं. अॅक्रिलिकला पाण्याने फारसा फरक पडत नाही. त्याला वाफ लागते, आणि इस्त्री टेकली तर धागा मरतो, लुळा पडतो तो कायमचा.

एवढं शिकवून मी स्वतः काय केलं ते सांगते. मुलीने परदेशातून मेरिनो लोकर आणली. तीन महिने खपून कार्डिगन विणला, पुढच्या दोन्ही पट्ट्यांवर वेणीची वीण: सहा टाके, त्यातले तीन जादा सुईवर पुढे घ्यायचे, मागचे तीन आधी विणायचे, मग पुढचे, दर आठव्या ओळीला. डोक्यावर तिपेडी वेणी घालणाऱ्या हाताला ही वीण पटकन येते, पेड टाकायची सवय असते ना. कार्डिगन देखणा झाला. आणि घरातल्या कुणीतरी तो गरम पाण्यावर मशीनमध्ये टाकला. लोकरीच्या केसावर खवले असतात, गरम पाण्यात घुसळले की एकमेकांत अडकतात आणि सुटत नाहीत. बाहेर निघाला तो बाहुलीचा कोट. ‘कुणीतरी’ हा शब्द मी संसार टिकावा म्हणून वापरलाय.

साताऱ्याहून

नाशिकच्या बाई, एक विचारू का? आमच्याकडच्या मेंढीच्या लोकरीचा स्वेटर का होत नाही? आजोबांच्या काळ्या घोंगडीवर आम्ही भावंडं झोपायचो, पाठीला रात्रभर टोचायची. त्यांना कधी टोचली नाही. मी कॉलेजात असताना हौसेने तसल्या सुताचा मफलर विणला आणि गळ्यावर पुरळ आलं. त्या वर्षी केस स्टेप कट होते, ते सगळे पुढे ओढून गळा झाकत फिरले.

नाशिकहून

टोचणं तंतूच्या जाडीवर. मेरिनोचा तंतू २४ मायक्रॉनच्या आत असतो (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). तीसच्या वर गेला की टोक वाकत नाही, कातडीत रुततं. दख्खनी मेंढीची लोकर भरड, ती घोंगडीसाठीच. माणसाचा केस साधारण ५० ते १०० मायक्रॉन. म्हणजे आपल्या केसांचा स्वेटर आपल्यालाच घालवणार नाही.

मिनिआपोलिसहून

पुरुषांना परवानगी आहे ना? कोल्हापूरकर दादा आले म्हणून धीर झाला.

माझी आजी इचलकरंजीची. लहानपणी ताप येऊन पडलो की ती हातात सुया द्यायची, गप्प बसावं म्हणून. सुलट-उलट आलं, पुढे कशाला शिकतोय. इथे आल्यावर पहिल्या जानेवारीत उणे वीस अंश बघितले आणि आईला फोन केला, स्वेटरचं माप सांग. आई म्हणाली, दहा नंबरच्या सुया घे, एकशे दहा टाके घाल. दुकानात गेलो, दहा नंबर मागितल्या, मिळाल्या. दहा दिवस विणलं. जे तयार झालं त्यात मी आणि रूममेट दोघंही मावलो असतो.

आपल्याकडच्या जुन्या नंबरांत आकडा वाढला की सुई बारीक होत जाते, दहा नंबर म्हणजे ३.२५ मिलिमीटर. अमेरिकेत उलटं, इथली दहा नंबर ६ मिलिमीटरची. आईला सांगितलं तर म्हणाली, ‘तुझा हातच सैल असेल.’ अजून तिचं तेच मत आहे. नवीन माणसांनी नंबर विसरा, मिलिमीटर बघा.

केसांचं म्हणाल तर २०२० मध्ये दुकानं बंद झाल्यावर वाढवले ते राहूनच गेले. आता चांगली वीतभर शेंडी बांधतो. त्यातून नवा घोळ झाला. गळ्याचे टाके घट्ट बंद केले तर स्वेटर शेंडीशी अडतो आणि मी आत हात वर करून आंधळ्यासारखा उभा. बायकोने या अवस्थेचा व्हिडिओ काढून सासरी पाठवलाय. उपाय: गळ्याचे टाके बंद करताना दोन नंबर जाड सुई घ्या.

आणि विणकाम बायकांचं म्हणणाऱ्या मामांना मी पेरू देशाचं उदाहरण देतो. टिटिकाका सरोवरात ताकीले नावाचं बेट आहे, तिथे टोप्या पुरुषच विणतात, मुलगे लहानपणीच शिकतात. टोपी बघून माणूस लग्नाचा आहे की बिनलग्नाचा ते कळतं. मामा म्हणाले, आपल्याकडे ते चेहरा बघून कळतं.

नागपूरहून

मी थोडं वेगळं लिहिते. तीन वर्षांपूर्वी केमो झाली. दुसऱ्या सायकलनंतर केस उशीवर, कंगव्यात, वरणात. एका सकाळी भावाला बोलावलं, मशीन फिरवून टाक म्हटलं. त्याचा हात थरथरत होता. मी म्हटलं, अरे तुझं जावळ माझ्याच मांडीवर झालं होतं, आता फिटंफाट.

लोकांनी प्रेमाने टोप्या आणल्या. सगळ्या लोकरीच्या, सुंदर आणि सगळ्या टोचणाऱ्या. नागपुरात त्यात मे महिना. उघड्या टाळूला शिवण कळते, गाठ कळते, धाग्याचं खोचलेलं टोकसुद्धा कळतं. मग मीच बसले. हाताला मुंग्या येत, बोटं बधिर, टाका सुईवर आहे की नाही हे बघितल्याशिवाय समजायचं नाही. एक टोपी व्हायला सतरा दिवस लागले. पूर्वी दोन संध्याकाळी पुरायच्या.

ज्यांना करून द्यायची आहे त्यांच्यासाठी: मऊ सुती धागा, ४ मिलिमीटरची गोल सुई म्हणजे शिवणच नको, १०४ टाके, दोन सुलट दोन उलट, पावणेसात इंच सरळ, मग घट, म्हणजे टाके कमी करत टोपी वर मिटवायची. केस नसलेलं डोकं नेहमीपेक्षा लहान भरतं, म्हणून टाके थोडे कमी. धाग्याची टोकं बाहेरच्या बाजूने लपवा. आणि देताना ‘छान दिसतेस’ म्हणू नका, ‘टोचत नाही ना’ विचारा.

केस परत आले ते कुरळे. जन्मभर सरळ केसांची मी, आता मेंढीसारखी. नातू हात फिरवून म्हणतो, ‘आजी, उसवलेली लोकर.’ नाशिकच्या बाईंचं वाचून आज त्याला फोनवर सांगितलं, तुझं बरोबर होतं.

पुण्याहून

ऐंशीला टेकले आहे, टायपिंग नात करतेय, चुका तिच्या.

१९६२ साली चीनचं युद्ध झालं तेव्हा मी शाळेत. जवानांसाठी विणायचं म्हणून बाईंनी वर्गात हिरवट खाकी लोकर वाटली. ज्यांना येत होतं त्यांना कानटोप्या, न येणाऱ्यांना मफलर, कारण मफलरमध्ये चुकायला काही नसतं. मी त्यातही चुकले. चाळीस टाक्यांनी सुरुवात केली आणि शेवटी छप्पन्न झाले. धागा पुढे राहिला की टाका आपोआप वाढतो हे कुणी सांगितलं नव्हतं. बाईंनी वर धरून बघितला, काही बोलल्या नाहीत, गठ्ठ्यात ठेवला. एका बाजूला रुंद होत जाणारा तो मफलर कुणाच्या गळ्यात गेला असेल याचा विचार मी अजूनही करते.

पुढे कॉलेजात साधना कट केला. कपाळावर बटा. वडील आठ दिवस बोलले नाहीत. आई मात्र रोज संध्याकाळी वाटीत तेल घेऊन बसायची, बटा मागे चोपायला.

तुमच्या आईच्या फोटोबद्दल. फॅशनचे केस आणि आजाराचे केस वेगळे दिसतात. आमच्या वेळी टायफॉइड झाला की दोन-तीन महिन्यांनी केस पुंजक्याने जायचे. मग उरलेले कापून टाकायचे, म्हणजे सारखे वाढतात. अशा बाईला घरात बसवून ठेवत, आणि हातात काहीतरी लागे. फोटोत मनगटं बघा, बांगड्या कोपराकडे सरकल्यात का?

मूळ लिहिणारी

काकू, सरकल्यात. भिंगातून बघितलं.

मग मावशीला फोन केला. ती आधी म्हणाली, ‘तुला कुणी सांगितलं?’ टायफॉइडच होता. मी दोन वर्षांची होते, चार महिने मला मावशीकडे ठेवलं होतं. परत आणलं तेव्हा कापलेल्या केसांच्या बाईकडे मी जाईचना, मावशीलाच चिकटून रडले. म्हणून वेणी. त्यानंतर आईने केसांना कात्री लावू दिली नाही, टोकंसुद्धा नाहीत.

तो करडा स्वेटर पुरा झालाच नाही. अशक्तपणात टाके मोजता येत नव्हते, तीनदा उसवला, मग तसाच पिशवीत राहिला. माझ्या तिसरीतल्या मोरपंखी स्वेटरला लोकर कमी पडली तेव्हा पट्ट्यांना तोच वापरला.

सुया मावशीकडे आहेत. बारा नंबरच्या, एक जरा वाकलेली. रविवारी आणायला जातेय.