मदत हवी आहे: रात्रीच्या स्क्रिप्टला १२०५ येतो, पुन्हा नेमकं काय चालवायचं?

नमस्कार मंडळी,

मी इंदूरला सियागंजातल्या एका घाऊक किराणा पेढीचं सॉफ्टवेअर बघतो. डेटाबेस मायएसक्यूएल ८.० आहे, आणि क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणारी सोय) रात्री एक पीएचपी स्क्रिप्ट दिवसभराची विक्री गोदामाच्या शिलकीतून वजा करते. ती अधूनमधून मध्येच पडते: एरर १२०५, लॉक वेट टाइमआउट, म्हणजे दुसऱ्या कनेक्शनने कुलूपबंद केलेली नोंद मोकळी व्हायची वाट बघून वेळ संपली.

'मॅक्स एक्झिक्युशन टाइम वाढवा' कृपया सांगू नका. कमांड लाइनवर पीएचपीची ती मर्यादा मुळात शून्य, म्हणजे नाहीच. २८,८०० सेकंदांचा वेट टाइमआउटही नव्हे, तो नुसत्या बसून राहिलेल्या कनेक्शनसाठी. आडवा येतोय तो इनोडीबीचा (मायएसक्यूएलचं डेटा साठवणारं इंजिन) लॉक वेट टाइमआउट, डिफॉल्ट ५० सेकंदांचा. त्याचे ३०० केले, तर आता पाच मिनिटं ताटकळून पडते, एवढाच फरक.

सिस स्कीमातल्या इनोडीबी लॉक वेट्समध्ये (कोण कोणाला अडवतंय ते दाखवणारी यादी) बघितलं. अडवणाऱ्या कनेक्शनची क्वेरी नल (रिकामी), प्रोसेसलिस्टमध्ये (चालू कनेक्शनची यादी) ते 'स्लीप'. मुनीमजींचा पीसी! संध्याकाळी एखाद्या पोत्याची नोंद सुधारतात आणि कमिट (बदल पक्का) न करता, पीसी चालूच ठेवून घरी जातात. सांगितलं की 'हो हो, भैया'.

तर १२०५ पकडून फक्त अडलेला अपडेट पुन्हा चालवू, की अख्खं ट्रान्झॅक्शन (एकत्रच पक्के होणारे सगळे अपडेट)?

प्रतिसाद (बडोद्याहून):
अख्खं. १२०५ ला इनोडीबी डिफॉल्टमध्ये फक्त तेवढं स्टेटमेंट मागे घेतं, आधीचे अपडेट लटकलेलेच राहतात. पुढे कुठे कमिट झालं की अर्धाच माल वजा. डेडलॉकच्या (दोघे एकमेकांच्या कुलपासाठी अडून बसले की येणाऱ्या) १२१३ ला मात्र सगळंच रोलबॅक होतं, म्हणजे मागे घेतलं जातं, म्हणून लोकांची गल्लत होते. कॅचमध्ये (एरर पकडणाऱ्या कोडमध्ये) आधी रोलबॅक, थोडं थांबा, मग बिगिनपासून, म्हणजे ट्रान्झॅक्शनच्या सुरुवातीपासून. तीनदा जमलं नाही तर एरर छापून शून्य सोडून दुसऱ्या एक्झिट कोडनं बाहेर पडा.

पण कुलूप रात्रभर लागलेलं असेल तर दहा वेळा प्रयत्न करून तरी काय होणार? मुनीमजींच्या टूलमध्ये ऑटोकमिट (प्रत्येक बदल लगेच आपोआप पक्का) चालू करा. नाहीतर त्यांच्या सेशनचा वेट टाइमआउट १,८०० करा. कनेक्शन तुटलं की अर्धवट ट्रान्झॅक्शन आपोआप मागे जातं. फक्त टूल मधूनमधून पिंग करत नाही ना, म्हणजे 'मी आहे' असा संदेश सर्व्हरला पाठवत नाही ना, ते बघा. करत असेल तर सर्व्हरच्या लेखी कनेक्शन जागंच.

धागाकर्ता:
करतंय पिंग, दर मिनिटाला. म्हणजे टाइमआउटचा उपाय बाद. ऑटोकमिट उद्या मुनीमजी चहाला गेले की करून टाकतो. ३०० चे परत ५० करू ना?

प्रतिसाद (बडोद्याहून):
करा. आणि ऑटोकमिट त्यांना सांगून करा हो, रोलबॅकच्या भरवशावर नोंदी करत असले तर पंचाईत.