मदत हवी आहे : ओटी-२ यंत्रमानवातील कॅमेऱ्याने काम चालू असतानाच छायाचित्र कसे घ्यावे?

नमस्कार.

वरुड तालुक्यातील एका शेतकरी उत्पादक कंपनीच्या लहानशा माती परीक्षण प्रयोगशाळेचे काम मी पाहते. गेल्या दिवाळीनंतर आम्ही ओपनट्रॉन्सचे ओटी-२ हे द्रव हाताळणारे यंत्र वापरलेल्या स्थितीत विकत घेतले. संत्र्याच्या बागांतील माती उन्हाळ्यात एकदम येते, हात दोनच, आणि स्फुरदाची तपासणी हाताने पिपेट (द्रव मोजून ओढणारी आणि सोडणारी नळी) चालवून करायची म्हटले की दिवसाला पन्नास नमुन्यांच्या पुढे गाडी जात नाही, म्हणून हा खर्च केला. आमच्याकडील काळी माती चुनखडीयुक्त आणि विम्लधर्मी असल्यामुळे आम्ही ओल्सेन पद्धत वापरतो. ०.५ मोलर सोडियम बायकार्बोनेटच्या, सामू (पीएच) ८.५ असलेल्या द्रावणात माती अर्धा तास हलवून गाळून घेतो. गाळलेल्या अर्कात पॅरानायट्रोफिनॉल या दर्शकाचा थेंब टाकला की तो पिवळा होतो, आम्लाने तो पिवळेपणा घालवायचा आणि मग मॉलिब्डेट व ॲस्कॉर्बिक आम्लाने निळा रंग आणायचा. माती हलवणे आणि गाळणे अजून हातानेच होते. त्यापुढचे सगळे यंत्राकडे दिले आहे.

अडचण अशी झाली. मागच्या आठवड्यात ९६ वेलच्या, म्हणजे ९६ लहान खळग्यांच्या, प्लेटमधील ‘एच’ या शेवटच्या ओळीतील बाराही वेलचा निळा रंग शेजारच्या ओळींपेक्षा फिका आला. त्या ओळीत आमची ओळखीची माती, म्हणजे जिचे स्फुरद आधीच ठाऊक आहे ती, ठेवलेली होती म्हणून लक्षात तरी आले. नाहीतर उरलेल्या अकरा शेतकऱ्यांना आम्ही विनाकारण जास्तीचे सुपर फॉस्फेट वावरात टाकायला सांगून मोकळे झालो असतो. आठ नळ्यांच्या पिपेटमधील आठवी नळी अर्क कमी ओढत असावी असा माझा संशय आहे. पण या यंत्राच्या पिपेटला टिप (नळीच्या तोंडावर बसवायचे प्लास्टिकचे टोक) नीट बसली की नाही हे ओळखणारा संवेदक नाही, आणि दर वेळी कोणी काचेला डोळा लावून उभे राहणेही शक्य नाही.

यंत्रात कॅमेरा आहे हे मला ठाऊक होते. लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये यंत्राचा पत्ता, ३१९५० हा पोर्ट आणि पुढे ‘कॅमेरा/पिक्चर’ असे लिहून पाहिले, तर ४०५ ही त्रुटी आली. दोन संध्याकाळी त्यात गेल्यावर समजले की ब्राउझर ‘गेट’ प्रकारची विनंती पाठवतो आणि इथे ‘पोस्ट’ लागते, शिवाय विनंतीच्या शीर्षकात ओपनट्रॉन्सची आवृत्ती सांगावी लागते. आता लॅपटॉपवरील आज्ञेने छायाचित्र येते. मात्र पिपेट नेमकी वर उचलली जाते तो क्षण हाताने साधत नाही. बारापैकी नऊ छायाचित्रांत पिपेटची बाहू आडवी आलेली आहे.

तेव्हा माझे प्रश्न असे आहेत. छायाचित्राची आज्ञा यंत्र चालवणाऱ्या पायथन या संगणकभाषेतील कार्यक्रमातूनच देता येईल का, जेणेकरून प्रत्येक स्तंभानंतर (प्लेटमधील आठ वेलच्या रांगेनंतर) यंत्र स्वतःच थांबून छायाचित्र घेईल? टिप बसली की नाही, हे अशा छायाचित्रावरून भरवशाने सांगता येते का? आणि आम्ल टाकल्यावर बायकार्बोनेटमधून जो फेस उसळतो तो वेलच्या काठावर आला का, हेही याच कॅमेऱ्यात दिसेल काय? इथे वीज जाते आणि इंटरनेट असून नसल्यासारखे आहे, हे लक्षात घेऊन उपाय सुचवावा ही विनंती.

प्रतिसाद

ताई, पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असे आहे. तुमचा कार्यक्रम यंत्रातील रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावरच चालत असतो, त्यामुळे तीच ‘पोस्ट’ विनंती बाहेरच्या पत्त्याऐवजी ‘लोकलहोस्ट’कडे, म्हणजे यंत्राच्या स्वतःकडेच, त्याच पोर्टावर पाठवावी. पायथनसोबत येणारे ‘यूआरएललिब’ पुरेसे आहे. वेगळे काही उतरवून घ्यावे लागत नाही, म्हणजे इंटरनेटचाही प्रश्न नाही.

दोन गोष्टी मात्र विसरू नका. कार्यक्रम यंत्रावर चढवताच आधी त्याची कोरडी तालीम होते आणि तुमची आज्ञा तेव्हाही चालते. म्हणून ‘इझ सिम्युलेटिंग’ हे तपासून, तालीम असेल तर छायाचित्राचा भाग वगळावा. दुसरे म्हणजे ती आज्ञा ‘ट्राय–एक्सेप्ट’मध्ये गुंडाळावी, म्हणजे त्रुटी आली तरी कार्यक्रम पुढे चालू राहतो. एक छायाचित्र हुकले म्हणून अर्धी भरलेली प्लेट अडकून पडली, तर वेलमधला अर्क उन्हाळ्यात वाळायला वेळ लागत नाही. काम सुरू होतानाच ‘सेट रेल लाइट्स’ने आतला दिवा लावून घ्यावा आणि खिडकीवर पडदा ओढावा, म्हणजे सकाळ-दुपारच्या चित्रांत उजेडाचा फरक राहणार नाही.

प्रतिसाद

फेसाबद्दल मी तुम्हाला आशा लावणार नाही. तो पत्ता जे छायाचित्र देतो ते ६४० गुणिले ४८० बिंदूंचे (पिक्सेलचे) असते. डेकवर, म्हणजे प्लेट ठेवायच्या पाटावर, शेजारीशेजारी तीन स्लॉट (प्लेटच्या जागा), म्हणजे सुमारे ४०० मिलिमीटर रुंदी त्यात मावते असे धरले, तर एका मिलिमीटरला जेमतेम दीड बिंदू येतो. दोन वेलच्या केंद्रांमधील अंतर ९ मिलिमीटर असते. म्हणजे एक वेल चित्रात दहा-बारा बिंदूंची टिकली होणार, आणि तीही तिरकी. त्यात फेस काय आणि उजेडाची चकाकी काय, ओळखू येणार नाही. फेसासाठी खोल वेलची प्लेट घ्या आणि आम्ल दोन हप्त्यांत सोडा. कॅमेऱ्याच्या मागे लागू नका.

टिपचेही तसेच आहे. टिप अजिबात नसेल तर चित्रात कळेल, पण टिप सैल बसून हवा ओढत असेल तर रिकाम्या टिपचे चित्र पाहून काहीच समजणार नाही. मात्र तुमचा अर्क पिवळा आहे याचा फायदा घेता येईल. अर्क ओढल्यानंतर पिपेट दर वेळी एकाच ठरावीक जागी, कॅमेऱ्याच्या बाजूला न्यावी, तिच्या मागे येईल असा पांढरा पुठ्ठा उभा करावा, दोन सेकंद थांबावे आणि मग चित्र घ्यावे. टिप बसली का, हे विचारण्यापेक्षा आठही टिप्समधील पिवळी रेघ सारख्या उंचीची आहे का, हे पाहावे. आधी साध्या पाण्यात खाण्याचा रंग मिसळून एक फेरी करून बघा.

धागाकर्तीचे उत्तर

दोघांचेही आभार. पुठ्ठा म्हणून आम्ही लग्नपत्रिकेची कोरी बाजू वापरली. लग्नसराई असल्याने तिला तोटा नाही. हळदीच्या पाण्याने वेलवर डाग राहतील अशी भीती वाटल्यामुळे जिलेबीचा रंग घेतला. पहिल्या सात टिप्समधील रेघ एका ओळीत आली आणि आठवीतील रेघ तिच्या निम्म्याइतकीच भरली. चित्र मोठे करून पाहिले तेव्हा त्या टिपच्या टोकाला लोंबणारा थेंबही दिसला, किंवा मला तो दिसावासा वाटत होता. इतक्या कमी बिंदूंत खात्रीने सांगता येत नाही.

एक वेगळाच घोळ झाला. दुपारी वीज गेली, यंत्र पुन्हा सुरू झाले आणि त्यानंतरची छायाचित्रे यादीत आधीच्या छायाचित्रांच्या वर जाऊन बसली. मी चित्रांना यंत्रातील वेळेवरून नाव देत होते आणि घड्याळ मागे गेले होते.

प्रतिसाद

रास्पबेरी पायला स्वतःचे बॅटरीवरचे घड्याळ नसते, इंटरनेट नसेल तर वीज आल्यावर वेळ चुकते. नावात वेळ घालूच नका. प्लेटचा क्रमांक आणि स्तंभाचा क्रमांक घाला.

आठव्या नळीबद्दल : टिप रॅक उलटा, म्हणजे १८० अंशांत फिरवून ठेवा आणि पुन्हा एक चित्र घ्या. उणेपणा पहिल्या टिपकडे गेला तर टिप्सची ती ओळ खराब आहे; आठवीपाशीच राहिला तर नळीच्या तोंडाची रबरी कडी पाहा.

धागाकर्तीचे उत्तर

रॅक फिरवला, तीन स्तंभांची चित्रे घेतली, आणि तिन्हींत आठवीच उणी आहे. कडी काढून नखावर ताणली तर तिला बारीक चीर दिसते; जुने यंत्र घेताना ती तपासायला हवी होती, ती चूक आमचीच. नवी कडी मागवली आहे. तोपर्यंत रॅकमधील ‘एच’ ओळीच्या टिप्स काढून ठेवून सात नळ्यांवर, म्हणजे एका प्लेटला ९६ ऐवजी ८४ नमुन्यांवर काम चालवत आहे आणि प्रत्येक स्तंभाचे चित्र त्या नमुन्यांच्या नोंदीसोबत जपून ठेवत आहे.