‘मुलं लहान आहेत, त्यांना काय कळतंय’ असे म्हणणाऱ्या घरात भाचरांना कसे जपावे?

प्रश्न : एक मामा

माझी थोरली बहीण ९ वर्षांचा मुलगा आणि ४ वर्षांची मुलगी यांच्यासह तालुक्याच्या गावी सासरी राहते. भाऊजी दारू पिऊन तिला मारतात, हे आम्हाला गेल्या दिवाळीत कळले. त्याआधी ती ‘पाय घसरला’, ‘दार लागलं’ असे सांगून वेळ मारून नेत होती. मुलांवर त्यांनी आजवर हात उगारलेला नाही, आणि नेमका हाच आधार घेऊन घरची वडीलधारी मंडळी, त्यात आमचे आईवडीलही आले, म्हणतात की मुलांकडे बघून तरी तिने नांदावे.

मागच्या महिन्यात मी तिच्याकडे मुक्कामाला होतो. संध्याकाळी गल्लीच्या टोकाला मोटारसायकलचा आवाज आला, तसा भाचा उठला, त्याने टीव्ही बंद केला, बहिणीची खेळणी कॉटखाली सारली, तिला आतल्या खोलीत नेऊन पांघरूण घातले आणि स्वतः वही उघडून बसला. त्याला कोणी काही सांगितले नव्हते. ती मोटारसायकल शेजाऱ्यांची निघाली.

ताई अजून घर सोडायला तयार नाही. तोवर मुलांसाठी काय करावे, आणि ती तयार झाल्यावर कायद्याने काय करता येईल?

उत्तर : प्राथमिक शिक्षिका

आपण पाहिलेत ते मी वर्गात पाहते. दुसरीतल्या एका मुलीचे पोट रोज शाळा सुटायच्या वेळीच दुखू लागे. डॉक्टरांना काही सापडले नाही, कारण दुखणे घरी जाण्याचे होते. काही मुले पुन्हा अंथरूण ओले करू लागतात, काही इतरांना मारतात, आणि काही इतकी शहाण्यासारखी वागतात की सगळे त्यांचे कौतुक करतात. आपला भाचा या शेवटच्या मुलांतला दिसतो, म्हणून त्याची मला अधिक काळजी वाटते.

त्याला स्पष्ट शब्दांत आणि एकदाच नव्हे, पुन्हा पुन्हा सांगा की भांडण तुझ्यामुळे होत नाही आणि ते थांबवणे हे तुझे काम नाही. आईला वाचवायला मध्ये पडायचे नाही, बहिणीचा हात धरून ठरलेल्या शेजारघरी जायचे, एवढे त्याच्याकडून नीट करून घ्या. ११२ हा पोलिसांचा आणि १०९८ हा बालकांच्या मदतीचा क्रमांक आहे. तुमचा क्रमांक आणि घरचा पूर्ण पत्ता त्याला पाठ हवा. मात्र ‘आज बाबांनी काय केलं?’ असे रोज विचारून त्याला घरातला बातमीदार करू नका.

उत्तर : कौटुंबिक प्रकरणे पाहणारी वकील

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांना संरक्षण देणारा २००५ चा कायदा मुलांनाही सावली देतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. ताईंना संरक्षण अधिकाऱ्यामार्फत किंवा थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडे कलम १२ खाली अर्ज करता येतो. कलम १९ खाली नवऱ्यालाच घराबाहेर राहण्याचा आदेश मिळू शकतो, त्यामुळे मुलांची शाळा, मित्र, अंथरूण यांतले काहीच सुटत नाही. घर सासऱ्यांच्या नावावर आहे एवढ्यावरून तिचा राहण्याचा दावा फेटाळता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले आहे. कलम २० मध्ये मुलांचा खर्च येतो आणि कलम २१ मध्ये तात्पुरता ताबा. वडिलांच्या भेटीने मुलांना अपाय होईल असे न्यायालयाला वाटले, तर ती भेट नाकारताही येते. ‘तक्रार केलीस तर पोरं काढून घेईन’ या धमकीपुढे बायका वर्षानुवर्षे गप्प राहतात, म्हणून हे ताईंना मुद्दाम सांगा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून महिलेला वकील मोफत मिळतो, तिचे उत्पन्न कितीही असले तरी.

निघायचे ठरले तर तो दिवस आणि पुढचे काही आठवडे सर्वांत धोक्याचे असतात. जन्मदाखले, आधार कार्डे आणि दवाखान्याचे कागद आधीच तुमच्याकडे आणून ठेवा, पण दिवस मुलांना आधी सांगू नका. एवढे मोठे गुपित नऊ वर्षांच्या जिवावर टाकणे योग्य नाही. शाळेच्या दाखल्यासाठी अडून बसू नका. दाखला यायला उशीर झाला म्हणून आठवीपर्यंतच्या मुलाला सरकारी किंवा अनुदानित शाळेत प्रवेश नाकारता येत नाही.

उत्तर : अशाच घरात वाढलेला एक वाचक

माझ्या आईने आमच्यासाठी १६ वर्षे सोसले. ती हे अभिमानाने सांगते, आणि तिला दुखवायचे नाही म्हणून मी ऐकून घेतो. पण आजही जिन्यात जड पावले वाजली की माझा घास तोंडातच राहतो. लहानपणी आमच्याकडे दर शनिवारी मुक्कामाला येणारा एक काका होता. तो असेपर्यंत घरात शांतता असे, आणि आठवड्यातली तेवढी एक रात्र मी पुरती झोपत असे. मामा, तुम्हाला जमेल तितके जात राहा.

प्रश्नकर्त्याकडून

सर्वांचा ऋणी आहे. समोरच्या घरातल्या काकूंनी मुलांसाठी रात्री-अपरात्री दार उघडण्याचे कबूल केले आहे. कागदपत्रांची पिशवी ताईने स्वतःहून माझ्या हाती दिली. त्यापुढे ती काही बोलली नाही आणि मीही विचारले नाही. परवा रात्री भाच्याचा फोन आला, तेव्हा माझ्या छातीत धस्स झाले. ‘काही नाही मामा, नंबर बरोबर पाठ झालाय का बघत होतो,’ एवढे बोलून त्याने फोन ठेवला.