शाळेत सेन्सर आहे, पण फोन कुणाकडे ठेवायचा?

वारज्याची आई
लेक तिसरीत, टाइप १ मधुमेह. दंडावर १४ दिवसांचा शुगर मोजणारा सेन्सर, तो ब्लूटूथने जवळच्या फोनला आकडा पाठवतो, फोन मला. शाळेत मोबाइलबंदी, म्हणून जुना फोन बाईंच्या कपाटात ठेवायची परवानगी कशीबशी मिळवली. परवा पीटीला पोरं मैदानात, फोन दुसऱ्या मजल्यावर. ब्लूटूथ कुठला पोचतोय! हिंजवडीत ऑफिसात बसून मला आकडाच दिसेना. वीस मिनिटांनी दिसला तो ६२, बाण खाली, म्हणजे शुगर अजून घसरतेय. बाईंना फोन केला तर, "अहो, खेळून दमलीय, बसवलंय जरा." बसून शुगर वाढते होय? बाई वाईट नाहीत, त्यांना कुणी सांगितलेलंच नाही. आता मुख्याध्यापिका म्हणतात, काय ते लेखी द्या. काय लिहू?

सिंहगड रोडचा बाबा
एकच पान, मराठीत. ७० च्या खाली आकडा, किंवा घाम, थरथर, उगाच रडारड दिसली की जिथे असेल तिथेच बसवून ग्लुकोज पावडर पाण्यातून द्या, १५ मिनिटांनी परत बघा. किती चमचे ते डॉक्टरांकडून लिहून घ्या, लहान मुलांना कमी लागतं. एकटीला बाथरूमला किंवा ऑफिसात पाठवू नका. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालू नका, आधी दवाखाना, मग आम्हाला फोन. आमच्या पोराचा फोन कमरेच्या पाउचमध्ये असतो. गेम, यूट्यूब सगळं उडवून सरांच्या हातात दिला, तेव्हा पटलं. शाळा सीबीएसई असेल तर २०१७ चं परिपत्रक जोडा. ते बोर्डाच्या परीक्षेपुरतं आहे, पण मधुमेही मुलांना खाऊ सोबत नेऊ देतं. कागद बघितला की सूर बदलतो.

निवृत्त बाई, सदाशिव पेठ
बाईंच्या आधी मजल्यावरच्या मावशींना शिकवा. तासागणिक बाई बदलतात, मावशी तिथेच असतात.

वारज्याची आई
पाउच मंजूर! पण काल ग्लुकोज दिल्यावरही दहा मिनिटं आकडा हलेना, बाईंनी घाबरून परत दिलं. घरी आली तेव्हा २८०.

सिंहगड रोडचा बाबा
सेन्सर रक्तातली शुगर मोजत नाही, कातडीखालच्या द्रवातली मोजतो. त्यामुळे त्याचा आकडा रक्तापेक्षा उशिरा बदलतो. पाउचमध्ये ग्लुकोमीटर टाका, शंका आली की बोट टोचायचं.

वारज्याची आई
टाकला. मावशींनाही दाखवला. म्हणाल्या, "मला नका शिकवू ताई, आमच्या ह्यांचं बोट रोज मीच टोचते. तो बाण तेवढा सांगा."