शब्दचर्चा : कंपनीच्या ‘फाउंडेशन’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : आमच्या गावाजवळच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीच्या फाउंडेशनने जिल्हा परिषदेच्या शाळेला दोन खोल्या बांधून दिल्या. पाटीचा मजकूर मला लिहायचा आहे. कच्चा मजकूर असा आलाय : ‘फाउंडेशनच्या सौजन्याने, सीएसआर निधीतून. लाभार्थी : जि. प. शाळा.’ फाउंडेशनला प्रतिष्ठान म्हणू की न्यास? लाभार्थी हा शब्दही खटकतोय.

उत्तर : ताई, आधी नोंदणी बघा. सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था म्हणून धर्मादाय आयुक्तांकडे नोंद असेल तर न्यास चालेल. पण अशी बरीच फाउंडेशनं कंपनी कायद्याच्या कलम 8 खाली, म्हणजे नफा न वाटणारी कंपनी म्हणून नोंदलेली असतात. त्यांना न्यास म्हणणं कायद्याने चूक. तिथे प्रतिष्ठान बरं. हिंदीत प्रतिष्ठान म्हणजे बऱ्याचदा दुकान, व्यवसायाची जागा. आपण त्याला आस्थापना म्हणतो, त्यामुळे मराठीत घोटाळा होत नाही. जानकीदेवी बजाज यांच्या नावाने 1987 साली निघालेल्या संस्थेने तर ‘ग्राम विकास संस्था’ असं साधं नाव घेतलं. मला ते फार आवडतं.

न्यास शब्दात मात्र एक गोष्ट आहे, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. न्यास म्हणजे विश्वासाने दुसऱ्याकडे ठेवलेली ठेव. ‘शाकुंतला’च्या चौथ्या अंकात मुलीची पाठवणी झाल्यावर कण्व म्हणतात, ठेव परत केल्यासारखं मन निर्मळ झालं. तिथे शब्द न्यासच आहे. ठेव सांभाळणारा तिचा मालक नसतो, हे त्या शब्दातच आहे.

दुसरं उत्तर : धर्मादाय हा शब्द सरकारी वाटतो, पण तो बाजारातला. माझे आजोबा पेठेत गूळ घालायचे. अडत्याच्या जुन्या हिशोबपट्ट्या घरात आहेत : अडत, हमाली, तोलाई आणि त्याखाली धर्मादाय, काही आणे. कापले जायचे शेतकऱ्याच्या पैशातून आणि पांजरपोळाच्या पावतीवर नाव यायचं पेढीचं. म्हणून पाटीवर सौजन्य लिहिण्याआधी पैसा कुठून आला ते बघावं.

सीएसआरला, म्हणजे ‘कॉर्पोरेट सोशल रिस्पॉन्सिबिलिटी’ला, सामाजिक दायित्व म्हणा. ताळेबंदात दायित्व म्हणजे देणं. 2013 च्या कंपनी कायद्याचं कलम 135 तेच सांगतं : ठरावीक मर्यादेपुढच्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान 2 टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायची आणि जिथे कारखाना आहे त्या परिसराला प्राधान्य द्यायचं. मग ते ‘सौजन्य’ कसं? सौजन्य म्हणजे चांगुलपणा, तो ऐच्छिक असतो. कंपनीने काम चांगलं केलं असेल तर ते मोकळेपणाने लिहा, पण ‘सहकार्याने’ लिहा.

लाभार्थी म्हणजे लाभ मागणारा. अर्थी म्हणजे याचक, जसा विद्यार्थी विद्येचा. मुलांनी विद्यार्थीच राहावं. शाळेच्या भिंतीवर त्यांना आणखी कशाचं अर्थी करू नका.

पुन्हा पहिले उत्तरकर्ते : गावाने काही दिलं का? पाणीयोजनेत लोकवाटा म्हणतात तसं?

प्रश्नकर्ती : हो. पाया भरताना मुरूम गावाने वाहिला, सहा ट्रॅक्टर चार दिवस चालू होते. जागेचा ठरावही ग्रामसभेचा. हे मजकुरात कुठेच नव्हतं आणि माझ्याही ध्यानात आलं नव्हतं. कंपनीच्या माणसाला फोन केला. नोंदणी कलम 8 चीच निघाली. बदलाला त्यांची हरकत नाही. आता असं लिहिलंय :

‘या दोन वर्गखोल्या ग्रामस्थांचे श्रमदान आणि प्रतिष्ठानचे सहकार्य यांतून उभ्या राहिल्या. निधी : कंपनीचे सामाजिक दायित्व. जागा : ग्रामसभेचा ठराव.’

‘यांतून’वरचा अनुस्वार पाथरवटाला दाखवून ठेवलाय. तो टिकला तर सांगते.