मदत हवी आहे: खाऱ्या टाकीत पांढरे डाग परत आलेत, आता सगळे मासे बाहेर काढावेच लागतील का?

खारा_वारा, रविवार रात्री ११:४०

जाणकारांनो, जरा सविस्तर लिहितोय. दुकानात अर्धवट सांगून अर्धवट सल्ला घेतला, त्याची फळं भोगतोय.

टाकी तीन फूट लांब, दीड रुंद, दीड उंच. दगड धरून पाणी साधारण १६० लिटर. दोन वर्षं झाली, दगड छान जांभळे झालेत. क्षारता १.०२५, तापमान २७ (ठाण्यात हीटर कोण लावतो, मे महिन्यात उलट पंखा लावतो). अमोनिया, नायट्राइट शून्य. नायट्रेट २० च्या आसपास. मासे म्हणजे दोन क्लाउन, एक पिवळ्या शेपटीचा डॅमसेल आणि दोन आठवड्यांपूर्वी आणलेला छोटा ब्लू टँग. शिवाय दोन क्लीनर श्रिम्प (माशांचं अंग टिपून साफ करणारे झिंगे), चार-पाच हर्मिट क्रॅब, एका दगडावर मश्रूम कोरल.

हो, टँग आधी वेगळ्या टबात न ठेवता थेट टाकीत सोडला. मुलीचा वाढदिवस होता, तिला सिनेमातली 'डोरी' हवी होती. शिव्या घालायच्या तर घाला, बायकोने घालून झाल्यात.

तिसऱ्या दिवशी टँगच्या कल्ल्यामागे मिठाचे दाणे चिकटल्यासारखे चार ठिपके. पाचव्या दिवशी अंगभर, आणि दगडावर अंग घासणं सुरू. दुकानदार म्हणाला, खाण्याला लसणाचा रस लावा आणि ही कोरलला न मारणारी बाटली रोज टाका. दोन्ही केलं. आठव्या दिवशी एकही डाग नाही! मी त्याला फोन करून आभारही मानले. आज सकाळी लाइट लावला तर टँगवर मोजता येणार नाहीत इतके दाणे, दोन्ही क्लाउनच्या परांवरही. डॅमसेल मात्र चकाचक. सगळे अजून खातात.

टाकीतच काही टाकून भागेल का? श्रिम्प टँगच्या अंगावर चढून टोचे मारताना दिसतात, ते हे दाणे खात नाहीत का?

बोंबिलवाले_काका, रविवार रात्री ११:५८

शीर्षकात खारं पाणी आणि मासे वाचून आम्ही आमसूल भिजत घालून धागा उघडला. असो, हलके घ्या. पोरीची डोरी बरी होवो.

तळ्यातला_गणू, सोमवार सकाळी ७:१५

हीटर लावून ३१ वर न्या आणि आठवडाभर ठेवा. माझे गोल्डफिश असेच बरे झाले.

रिफवेडी, सोमवार सकाळी ८:०५

गणू, तो गोड्या पाण्यातला व्हाइट स्पॉट, हा वेगळा जीव. दिसायला सारखा, पण उष्णतेने इथे काम होत नाही. उलट गरम पाण्यात प्राणवायू कमी, आणि या माशांचे कल्ले आधीच बेजार.

खारा_वारा, आधी एक खात्री करा. दाणे वेगवेगळे दिसतात की अंगावर बारीक पिठी भुरभुरल्यासारखं? पिठी असेल, मासा पंपाच्या धारेसमोर तोंड करून धापा टाकत असेल, उजेड टाळत असेल तर तो व्हेल्वेट नावाचा दुसरा रोग. त्यात दोन-तीन दिवसांत टाकी रिकामी होते. तुमच्या वर्णनावरून मला हा क्रिप्टोकॅरिऑन वाटतो, म्हणजे समुद्री व्हाइट स्पॉट.

आता लसणाचं. तो परजीवी माशाच्या कातडीत तीन ते सात दिवस राहतो, पोट भरलं की आपणहून सुटतो, तळाशी जाऊन दगडावर, वाळूत कवच करून बसतो. म्हणून डाग 'जातात'. लसूण लावा, गोमूत्र लावा नाहीतर काहीच लावू नका, आठव्या दिवशी ते जाणारच होते. कवचात एकाचे दोनशेपर्यंत होतात आणि बहुतेक पहाटेच्या अंधारात बाहेर पडतात. दगडाच्या कपारीत मासा झोपलेला असतो, तिथेच. दिवस-दोन दिवसांत मासा मिळाला नाही तर ती पिल्लं मरतात. साऱ्या उपचारांची किल्ली एवढीच आहे.

औषध मारतं ते फक्त मोकळ्या पोहणाऱ्या पिल्लांना. कातडीतला आणि कवचातला दोघेही सुरक्षित. ते औषध म्हणजे तांबं, ते तुमचे श्रिम्प, खेकडे, कोरलही मारतं आणि दगडात मुरून बसतं. कोरलला न मारणाऱ्या बाटलीने हाही मरत नाही. श्रिम्प सुटी कातडी वगैरे टिपतात, दाणा कातडीच्या आत असतो.

तेव्हा हो, सगळे मासे बाहेर. चकाचक डॅमसेलसुद्धा, त्याच्या कल्ल्यांत काय आहे ते तुम्हाला दिसत नाही. श्रिम्प, खेकडे, कोरल आत राहू देत, त्यांना हा रोग होत नाही. टाकी ७६ दिवस बिनमाशांची. ७२ दिवसांनी कवच फुटल्याची नोंद आहे, म्हणून वर चार दिवस.

शेतकरी_गडी, सोमवार सकाळी ९:३०

तांबंच हवं तर मोरचूद (कॉपर सल्फेट) स्वस्त. द्राक्षाला बोर्डोची फवारणी करतो त्यातला चिमूटभर टाका की टबात.

रिफवेडी, सोमवार सकाळी ९:४८

दादा, चिमटीत मासा मरेल. पाण्यात तांबं हवं लिटरला ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम. ४० लिटरच्या टबाला ८ मिलिग्रॅम तांबं, म्हणजे मोरचूद फक्त ३१ मिलिग्रॅम. भाजीच्या काट्यावर ते उठतच नाही. करणारे प्रयोगशाळेच्या प्रतीचं एक ग्रॅम पाव लिटर पाण्यात विरघळवून त्यातलं ८ मिलिलिटर घेतात, तेही दोन दिवसांत थोडं थोडं. मग रोज दोनदा टेस्ट किटने मोजायचं, तीन ते सहा आठवडे. शिवाय टबातल्या अमोनियासाठी आपण टाकतो ते औषध तांब्याबरोबर चालत नाही.

खारा_वारा, तुमच्याकडे किट नसेल तर टब बदलायची पद्धत करा. कवच फुटायला किमान तीन दिवस लागतात ना, त्याआधी मासे दुसऱ्या टबात. सुटलेले परजीवी मागे राहतात. दर ७२ तासांच्या आत एकदा, अशी चार बदल्या. दोन टब, दोन एअर पंप, लपायला पाइपचे कोपर, बस. रिकामा झालेला टब, नळी, एअर स्टोन धुऊन गच्चीवर उन्हात कडक वाळवा. नवं पाणी तीच क्षारता, तेच तापमान. ४० लिटरला मीठ जवळपास दीड किलो लागेल, हिशोब धरून ठेवा. तांबं नसल्यामुळे इथे अमोनियाचं औषध बिनधास्त चालतं.

टँगला जाळीने धरू नका. शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना पात्यासारखा काटा असतो, तो जाळीत अडकला की दोघांचीही वाट. प्लास्टिकची चाळणी वापरा. आणि हे आवडणार नाही, पण फूटभर वाढणारा मासा तीन फुटी टाकीत कायमचा ठेवू नये. बरा झाला की मोठं घर शोधा.

खारा_वारा, गुरुवार रात्री १०:२०

सोमवारी संध्याकाळी टँग आणि क्लाउन बेडरूममधल्या टबात गेले. टँग पाच मिनिटांत सापडला, आपणहून चाळणीत आला म्हणा ना. डॅमसेलने मात्र तीन दिवस नाचवलं. अर्धे दगड बाहेर काढले, पाणी ताकासारखं गढूळ, हा पठ्ठ्या उरलेल्या अर्ध्यात. शेवटी पाण्याच्या बाटलीचं तोंड कापून उलटं आत खोचलं, आत कोळंबीचा तुकडा ठेवला, लाइट बंद करून जेवायला बसलो. काल रात्री भात कालवेपर्यंत साहेब बाटलीत.

आज पहिली बदली झाली. दुर्दैवाने धाकटा क्लाउन पहाटे गेला. डाग फारसे नव्हते, पण कालपासून पाण्याच्या वरच श्वास घेत होता. मुलीला अजून सांगितलेलं नाही.

डॅमसेल आता त्याच टबात टाकू ना?

रिफवेडी, गुरुवार रात्री १०:४१

वाईट वाटलं. कल्ल्यांत पसरलेलं असेल, ते वरून कळत नाही.

डॅमसेल त्यांच्यात अजिबात नको! तो काल रात्रीपर्यंत रोगी टाकीत होता. त्याला सोडलात तर सगळ्यांची मोजणी पुन्हा एकपासून. वेगळी बादली, वेगळी चाळणी, त्याच्या चार बदल्या वेगळ्या. आणि ७६ दिवस सोमवारपासून नाही, तो बाटलीत शिरला त्या रात्रीपासून.

बोंबिलवाले_काका, गुरुवार रात्री ११:०५

गंमत केली होती रविवारी, माफ करा. बाटलीची युक्ती आम्ही लहानपणी ओढ्यात खेकड्यांसाठी करायचो.

खारा_वारा, पुढच्या आठवड्यातला शनिवार, रात्री ९:३०

टँग आणि थोरल्या क्लाउनची आज चौथी बदली. शेवटचे दाणे दुसऱ्या बदलीनंतर गळाले, तेव्हापासून नवा एकही नाही. टँग टबाच्या कडेला नोरी (वाळवलेलं समुद्री शेवाळ) फाडून खातोय. डॅमसेलची शेवटची बदली सोमवारी, त्याला अजूनपर्यंत एकही डाग आलेला नाही आणि माझ्यावर राग आहे. मीठ साडेनऊ किलो संपलं. मुलीला क्लाउनचं सांगितलं. ती म्हणाली, तिला त्याच दिवशी कळलं होतं, तिने रोज सकाळी मोजले होते.

मोठ्या टाकीचे ६६ दिवस राहिलेत. झिंग्यांना आता गिऱ्हाईक नाही. काल दगड नीट लावायला हात घातला तर दोघे मनगटावर चढून माझी नखं कोरत बसले, दहा मिनिटं हात काढवेना.

रिफवेडी, शनिवार रात्री ९:३७

करू द्या मॅनिक्युअर. तोच ओला हात टबात घालू नका म्हणजे झालं.