तलावाच्या गाळावरून जुने पाऊसमान कळते का?

कळंबेकर:
मागे एका उन्हाळ्यात कोल्हापूरजवळच्या कळंबा तलावात पोकलेनने गाळ काढणे चालू होते. खणलेल्या कडेला वर काळा चिकट गाळ, मध्ये बोटभर तांबूस पट्टा आणि खाली भेगाळलेला राखाडी थर स्पष्ट दिसत होता. तो तांबूस पट्टा 2005 च्या महापुराचा असेल का?

गाळवाचक:
तसे मानू नये. 2005, 2019 आणि 2021 चे महापूर पंचगंगेचे होते; कळंब्यात पाणी उतरते ते कात्यायनीच्या डोंगराकडून. उतारावर कोणी मुरूम उपसला, तरी पुढच्या पावसात असा पट्टा बसू शकतो. रंगावरून कारणाचा अंदाज येतो, वर्ष कळत नाही. त्यासाठी गाळातील सीझियम-137 हे अणुस्फोटांतून आलेले किरणोत्सारी द्रव्य मोजतात, कारण अणुचाचण्यांची धूळ 1963 च्या सुमारास सर्वाधिक पडली आणि तो थर खुणेच्या दगडासारखा उपयोगी पडतो. शिसे-210 या नैसर्गिक किरणोत्सारी द्रव्याचे अर्धायुष्य (निम्मे उरायला लागणारा काळ) सुमारे 22 वर्षे असल्याने त्यावरून शंभर-सव्वाशे वर्षांपर्यंत मागे जाता येते. परागकणांवरून भोवतालची झाडी कळते, तर डायटम या सूक्ष्म शैवालांच्या कवचांवरून पाण्याचा कस. मात्र कळंब्यासारख्या बांध घालून केलेल्या तलावाची आठवण बांधाच्या वयाइतकीच असते. हजारो वर्षांचा मॉन्सून वाचायचा तर लोणारसारखे नैसर्गिक सरोवर हवे. तेथील गाळात सापडलेले गेलुसाइट या क्षारखनिजाचे स्फटिक पाणी आटून खारट झाल्याच्या काळाची साक्ष देतात.

शिवारातला:
आम्ही याच गाळाच्या ट्रॉल्या उसाच्या रानात टाकल्या आहेत. गाळ काठाकडून, जिथे ट्रॅक्टर उतरतो तिथूनच निघतो आणि नंतर त्या खड्ड्यात वरचा गाळ घसरून येतो. तेव्हा कळंबेकरांनी पाहिलेली कड मूळची की भरलेली, हे आधी तपासावे.

गाळवाचक:
हा मुद्दा माझ्याकडून राहिला होता, आणि तो सर्वांत महत्त्वाचा आहे. उलथापालथ झालेल्या गाळावर महागडी चाचणी करणे म्हणजे पाने विस्कटलेली वही क्रमाने वाचणे.

कळंबेकर:
मग नमुना कोठून घ्यावा? साधा पीव्हीसी पाइप चालेल का?

गाळवाचक:
वरच्या हात-दीड हात गाळासाठी चालेल. यंत्र न पोहोचलेल्या खोल भागात, नावेतून, पाइप सरळ दाबावा. वरचे तोंड घट्ट बंद करून मगच उपसावा, नाहीतर गाळ खाली निसटतो. वरची बाजू लगेच खुणेने दाखवावी आणि पाइप उभाच घरी आणावा.